सात नंबरचा ऋतिक

बारामती
५ नोव्हेंबर २०२५

चि. ऋतिक,

थोरल्या भावाचा आशीर्वाद. घ्यावासा वाटला तर घे, नाहीतर बाजूला ठेव.

नववीत दोनदा बसलेला माणूस पत्र लिहायला बसलाय, म्हणजे नक्कीच काहीतरी अंगाशी आलं असणार, असं तू म्हणशील. तसं काही नाही. तू माझा फोन उचलत नाहीस आणि मेसेजला ती एकच टिक येते, म्हणून पत्र. राखी पाठवायला तू प्राचीला गांधीधामच्या वर्कशॉपचा पत्ता दिला होतास, तो मी तिच्या मागं लागून काढून घेतला. तिच्यावर चिडू नकोस. आपल्या दोघांची चुलतबहीण असली तरी ती तुझीच बाजू घेते, मला उभ्या उभ्या चार शब्द सुनावूनच तिनं पत्ता दिला.

आई बरी आहे. वरकुट्याला एकटीच राहते, बारामतीला ये म्हटलं तर म्हणते, "तितं तुमच्या जिन्यावर चढायचं का जगायचं?" वाड्यातल्या शेवटच्या दहा मेंढ्या मागच्या वर्षी विकल्या, दोन शेळ्या ठेवल्यात. माझा गुडघा तुला माहीत नसेल. दोन वर्षांपूर्वी दोहाला सामन्यात एकाला खाली घेताना लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं आणि खेळ संपला. आता इथल्या एका शाळेत पोरापोरींना रग्बी शिकवतो. चौदा सामने भारताकडून खेळलेला माणूस म्हणून नोटीस बोर्डावर फोटो लावलाय. सृष्टी मजेत आहे. सासरे कोऱ्हाळ्याहून दर पंधरा दिवसांनी गूळ आणि उपदेश दोन्ही घेऊन येतात.

मुद्द्याचं सांगतो. खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीचं पत्र आलंय. लिपिकाची जागा आहे, पण कायम आहे. कागदांची पडताळणी डिसेंबरच्या अखेरीला आहे. तिथं दहावीचं मूळ गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, झेरॉक्स चालत नाही. ते दोन्ही तुझ्याकडं आहेत. एवढे दोन कागद रजिस्टरनं पाठवलेस तर बाकीचं मी बघून घेईन. काम झालं की लगेच परत पाठवतो.

मागचं सगळं मनात धरून बसू नकोस. आबांनी त्या वेळी जे केलं ते बापाच्या मायेनं केलं. त्यांचा जीव माझ्यावर जरा जास्त होता, तो काही माझा गुन्हा नाही. गेलेल्या माणसावर राग धरून काय मिळणार?

तब्येतीला जप. डोळ्यांवर काच लावल्याशिवाय वेल्डिंग करू नकोस.

तुझा दादा
शंभूराज


बारामती
२८ नोव्हेंबर २०२५

चि. ऋतिक,

काल रजिस्टर आलं. पोस्टमननं "ऋतिक देवकाते?" असं विचारलं, मी "हो" म्हणालो आणि सही केली. हात अडखळला नाही. दहा वर्षं ती सही करतोय, तुझ्यापेक्षा मला चांगली येते.

पाकिटात गुणपत्रक होतं, दाखला होता, दोन्ही प्लास्टिकमध्ये घातलेले, आणि चिठ्ठी नव्हती. मी पाकीट उलटं करून झटकलं. दोनदा झटकलं. मला वाटलं होतं तू शिव्या देशील, निदान "परत तोंड दाखवू नकोस" एवढं तरी लिहिशील. मागितलं आणि दिलंस, आजवर देत आलास तसंच. त्यामुळं मला रात्री जेवण गेलं नाही.

सृष्टीनं माझं आधीचं पत्र पोस्टात टाकायच्या आधी वाचलं होतं. ते तिनं मला काल सांगितलं. म्हणाली, "अहो, भावाला पत्र लिहिलं व्हतं का तहसीलदाराला अर्ज क्येला व्हता?" मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही.

तुझं गुणपत्रक मी नीट वाचलं. गणितात ८१. त्याच बाकावर तुझ्या शेजारी बसून मला १९ पडले होते. आपण दोघं एका वर्गात आलो ते माझ्या नापासपणामुळं, आणि सगळं तिथूनच सुरू झालं.

आज मला ते आठवायचंय. तुला माहीतच आहे, पण मी ते नेहमी "सर्जेराव सरांनी केलं" असं सांगत आलो. सर शाळेत ती लांबट चेंडूंची पिशवी घेऊन आले, तेव्हा आबांनी त्या चेंडूला पपई म्हटलं होतं. खेळ समजावून सांगितल्यावर आबा म्हणाले, "पळायचं म्होरं आन चेंडू द्यायचा मागं? ह्ये कसलं खूळ रं?" पण मेंढरांमागं रानोमाळ पळालेल्या पायांना ते खूळ जमलं. कोकराला धरतो तसं समोरच्याच्या मांड्यांना मिठी घातली की तो पडतो, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. तुलाही जमत होतं. तुझ्याकडं पळ जास्त होता, माझ्याकडं अंग जास्त होतं.

पुण्याच्या स्पर्धेला सतरा वर्षांखालची अट होती आणि मला अठरावं लागत होतं. सर म्हणाले होते, "शंभू बसत न्हाय, ऋतिकला खेळवू." एवढंच म्हणाले होते ते. तुझ्या ओळखपत्रावर माझा फोटो लावायची अक्कल माझी. गोंद तू लावलास, हे खरं. "दोन सामन्यांचा तर प्रश्न हाय दादा, तू जा, मेंढरं मी बघतो," असं म्हणून हसत लावलास. सरांना गाडीत बसल्यावर कळलं, आणि ते गप्प बसले, कारण आम्ही जिंकलो.

दोन सामन्यांचे चार झाले. तिथून राज्याचा संघ, तिथून अठरा वर्षांखालचा भारताचा संघ. दर वेळी मी म्हणायचो, एवढं झालं की खरं सांगून टाकू. पासपोर्ट काढायची वेळ आली तेव्हा थांबायला हवं होतं. तुझा दाखला, माझा फोटो, आणि पोलीस पाटलांनी मान डोलावली, कारण गावातल्या पोरानं परदेशात जावं असं त्यांनाही वाटत होतं. ताश्कंदला राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा माझ्या पाठीवर सात नंबर होता आणि छातीवर तुझं नाव होतं. मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं, देशासाठी रडतोय.

परत आल्यावर वरकुट्यात जो सत्कार झाला तो मला विसरता येत नाही. फ्लेक्सवर फोटो माझा आणि खाली "कु. ऋतिक तात्याबा देवकाते". गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे त्याचा विनोद करत होते. झुंबर चुलत्यानं तुझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "नाव तुझं, थोबाड त्येचं, आन नारळ कुणाचा रं?" लोक हसले, तूही हसलास आणि टाळ्या वाजवल्यास. मी शाल सावरत होतो.

तुला आलेलं बावड्याचं स्थळ का मोडलं तेही मला तीन वर्षांपूर्वीच कळलं होतं. मुलीच्या भावानं मोबाईलवर तुझं नाव शोधलं आणि माझेच फोटो निघाले. त्यांनी मध्यस्थाला विचारलं, "खरा ऋतिक कंचा? आमाला दाखवला त्यो का ह्यो?" मध्यस्थानं ते मला सांगितलं. मी त्या घरी एक फोन केला असता तर विषय मिटला असता. तेव्हा आमचा सराव चालू होता. सराव रोज दोन तासांचा असतो, राहिलेल्या बावीस तासांत मी काय करत होतो ते विचारू नकोस.

कागद माझ्यासमोर टेबलावर आहेत. पडताळणीला अजून एक महिना आहे.

तुझा दादा
शंभूराज


वरकुटे
१४ डिसेंबर २०२५

ऋतिक,

आईकडं आलोय. ती शेळ्या घेऊन बांधावर गेलीय म्हणून निवांत लिहितो. तिच्यासमोर हे लिहिता आलं नसतं.

पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं की आबांचा जीव माझ्यावर जास्त होता. ते खोटं आहे. साधं खोटं नाही, साडेसहा वर्षं वापरलेलं खोटं आहे. आज ते सांगतो आणि मग तुला काय करायचं ते कर.

२०१९ च्या जूनमध्ये तुला मस्कतची वेल्डरची नोकरी मिळाली. तू पासपोर्टचा अर्ज केलास आणि त्यांनी सांगितलं, या नावाचा, या जन्मतारखेचा, याच आईबापांचा पासपोर्ट आधीच निघालाय. मी तेव्हा भुवनेश्वरला भारताच्या शिबिरात होतो. तू मला फोन केलास. "दादा, पोलीस ठाण्यात बोलावलंय उद्या अकराला. मी खरं काय ते सांगणार हाय. तुझं काय हुईल ते हुईल, पर मला बी जगायचंय." अगदी हे शब्द. मी म्हणालो, "सांग, तुझा हक्क आहे." मोठ्या मनाचा भाऊ झालो आणि फोन ठेवला.

त्याच रात्री आबांनी काय केलं ते तुला माहीत आहे. अंगणात तू खाटेवर बसला होतास, आबा आले, डोक्यावरचं मुंडासं काढलं, तुझ्या पायांवर ठेवलं आणि म्हणाले, "थोरल्याचं वाटुळं करू नगंस." चाळीस वर्षं ज्या माणसानं कुणापुढं मान खाली घातली नाही, त्यानं पोटच्या पोराचे पाय धरले. दुसऱ्या दिवशी तू ठाण्यात जाऊन लिहून दिलंस, "पासपोर्ट माझाच आहे, गैरसमजातून दुसऱ्यांदा अर्ज केला." आपण दोघं तोंडावळ्यानं सारखे. हवालदारानं फोटो बघितला, तुझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "लई वाळलास की." मस्कत गेलं. आठ दिवसांत तू गांधीधाम गाठलंस आणि आबांशी पुन्हा एक शब्द बोलला नाहीस. दोघांत निवडायची वेळ आली तेव्हा बापानं थोरला निवडला, असं तू धरून बसलास.

आबांनी निवडलं नव्हतं, ऋतिक. मी त्यांना फोन केला होता.

तुझा फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत केला. म्हणालो, त्याला थांबवा, पाया पडा त्याच्या, तुमचं ऐकेल तो. आबा म्हणाले, "त्येचं बी आयुष्य हाय," आणि फोन ठेवला. मी परत केला. त्यांनी परत ठेवला. तिसऱ्या वेळी मी रडलो आणि म्हणालो, इथं जवळच रेल्वेचे रूळ आहेत. म्हाताऱ्या माणसाला मी असं म्हणालो. मरायचा माझा काही विचार नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी संघ जाहीर व्हायचा होता आणि मला उपकर्णधार करणार अशी कुणकुण लागली होती, म्हणून म्हणालो. फोन ठेवल्यावर मी मेसमध्ये जाऊन जेवलो. अंडाकरी होती.

नंतर तू आबांशी बोलत नाहीस हे बघत होतो. मी सांगू शकत होतो. सांगितलं असतं तर तू माझ्याशी बोलणं सोडलं असतंस, आणि तेव्हा तू निदान दिवाळीला मला एक फोन करायचास. तो एक फोन मला हवा होता. आबा आजारी पडले तेव्हा मी त्यांना म्हणालो, आबा, त्याला सांगतो आता. ते म्हणाले, "नगं. मी काय आज हाय उद्या न्हाय. तुमी भाऊ-भाऊ तरी ऱ्हावा." बापाची आज्ञा मोडायची नाही म्हणून मी गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगत आलोय. एरवी त्यांची कुठली आज्ञा मी पाळली होती?

२०२१ च्या मे महिन्यात ते गेले. लॉकडाऊननं सगळं बंद होतं आणि तू थेट दहाव्याला पोचलास. नदीच्या काठावर पिंडाला कावळा शिवेना. गुरुजी म्हणाले, कुणाच्या मनात काही असेल तर बोला. सगळ्यांनी तुझ्याकडं बघितलं. झुंबर चुलता तर उघड म्हणाला, "ऋतिक, मोकळं कर बाबा त्यास्नी." तू दर्भाचा कावळा करून शिववलास आणि काही न बोलता निघून गेलास. मी चार पावलांवर उभा होतो. तोंड उघडायची पाळी माझी होती.

आई बांधावरून परत येताना दिसतेय. बास करतो.

शंभूराज


बारामती
६ जानेवारी २०२६

ऋतिक,

पडताळणीला मी गेलो नाही. तुझे दोन्ही कागद याच पाकिटात परत पाठवलेत, बघून घे.

त्याऐवजी मी ३० तारखेला पोलीस ठाण्यात गेलो. आधी आईला सांगितलं, सगळं, रुळांचंसुद्धा. ती चुलीसमोर बसली होती. आबांचं नाव न घेता म्हणाली, "त्यो मानूस दोन वर्सं माझ्यासंगं धड बोलला न्हाय. मला वाटायचं, मी काय क्येलं?" मला वाटलं ती मारेल. तिनं भाकरी थापायला घेतली आणि मला वाढली नाही.

सृष्टी ठाण्यापर्यंत माझ्याबरोबर आली. मी पासपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हणालो, हा माझा आहे, पण ह्यातलं नाव भावाचं आहे. तिथल्या साहेबांना आधी समजेना. दुसऱ्यांदा सांगितल्यावर त्यांनी चहा बाजूला सरकवला. म्हणाले, "तुमी त्येच ना, रग्बीवाले ऋतिक? माझी पोरगी तुमच्याकडं शिकती." मी म्हणालो, "शिकते. पण मी शंभूराज." त्यांनी खुर्ची ओढून बसायला सांगितलं आणि दोन तास लिहून घेतलं. गुन्हा नोंदला गेलाय. रग्बीच्या संघटनेला मी स्वतः लेखी कळवलंय. शाळेनं मला यायचं नाही म्हणून सांगितलं. बोर्डावरचा फोटो उतरवताना पोरं बघत होती, त्यांना काय सांगितलं कुणास ठाऊक.

आता एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. २०१९ चा तुझा जबाब अजून फायलीत आहे. साहेब म्हणाले, "मग भावानं तवा खोटा जबाब दिला म्हणायचा. त्यो बी आरोपी हुतोय." मी तुझं नाव तुला परत द्यायला गेलो होतो, आणि तू त्यात अडकणार होतास. म्हणून मी सांगितलं की त्या दिवशी तू आलाच नव्हतास. मीच ऋतिक म्हणून आलो, मीच जबाब दिला, सही माझी आहे. त्यांनी कोरा कागद पुढं केला आणि सही करून दाखवा म्हणाले. मी केली. जुन्या सहीशी हुबेहूब जुळली.

तुला जबाबासाठी बोलावतील. तू एवढंच म्हण की मला काही माहीत नाही, मी ठाण्यात आलो नव्हतो, ती सही माझी नाही. एक वाक्य आहे. त्यानं तू सुटशील, तुझा पासपोर्ट निघेल आणि मस्कत नाही तर दुसरं कुठंतरी तुला जाता येईल. माझं जे व्हायचं ते होणारच आहे, ते माझं मी भोगेन.

मी पुन्हा तुझ्याकडं काहीतरी मागतोय आणि पुन्हा खोटंच मागतोय, हे मला कळतंय. फरक एवढाच की या वेळी ते तुझ्या फायद्याचं आहे.

शंभूराज


बारामती
२ फेब्रुवारी २०२६

ऋतिक,

हे पत्र तू गांधीधामला पोचायच्या आधीच पोचेल बहुतेक. आईनं तुला अजून आठ दिवस ठेवून घेतलंय असं प्राची म्हणाली. घरी येऊन बोलण्यापेक्षा लिहितो, कारण तू समोर असलास की मला बोलता येत नाही, हे परवा कळलंच.

२४ तारखेला तू ठाण्यात आलास तेव्हा आधी मी तुला ओळखलं नाही. पाच वर्षं झाली होती. केस पुढून गेलेत आणि उजव्या हातावर भाजल्याचे डाग आहेत. साहेबांनी तुला जुना कागद दाखवला. मी तुझ्याकडं बघत होतो, ते एक वाक्य ऐकायला. तू कागद हातात घेतलास, वाचलास, परत ठेवलास आणि म्हणालास, "सही माझी हाय. त्या दिवशी ह्यो भुवनेश्वरला व्हता. काय माझ्यावर हुईल ते हुं द्या."

मी मध्ये बोललो. साहेब माझ्यावर ओरडले. म्हणाले, "गुन्हा वाटून घ्यायला भांडणारं भाऊ पहिल्यांदा बघतुया, न्हायतर हितं समदे बांधावरनं भांडत येत्यात." तू हसला नाहीस. तू त्यांना म्हणालास, "सायेब, लोकांनी माझ्या नावानं लई खोटं क्येलंय. आता माझं नाव मला माघारी मिळतंय तर त्यात परत खोटं नगं." मग तू सही केलीस. तुझी आताची सही वेगळी आहे. माझ्याच्यानं ती जमणार नाही.

वकील म्हणतात तुला बहुतेक दंडावर सोडतील, माझं सांगता येत नाही. संघटनेचं पत्र आलं. त्या चौदा सामन्यांतून ऋतिक देवकाते हे नाव काढलंय, आणि शंभूराज देवकाते हे घातलेलं नाही. सात नंबरच्या पुढं नुसती रेघ आहे. मला वाटलं होतं याचं सगळ्यात जास्त वाईट वाटेल. वाईट वाटतं. पण दुसरंच काहीतरी जास्त लागलंय.

बाहेर चहाच्या टपरीवर तू मला एकच प्रश्न विचारलास. "तिसऱ्या येळंला आबा काय म्हणलं?" पत्रात मी तेवढं लिहिलं नव्हतं. लिहायची हिंमत झाली नव्हती. तुला तोंडानं सांगितलं, आणि आता कागदावरही ठेवतो, म्हणजे मला कधी फिरवता येणार नाही. आबा म्हणाले होते, "एकाला वाचवाया दुसऱ्याचा गळा दाबू म्हनतुस व्हय? आरं, त्यो माझ्याकडं कवाच काय मागत न्हाय रं. त्येच्याकडं मी कसं मागू?" आणि मग ते तुझ्याकडं गेले.

तू चहाचा ग्लास खाली ठेवलास. मला वाटलं, आता थोबाडीत देशील, आणि खरं सांगतो, ती बसली असती तर बरं झालं असतं. तू म्हणालास, "मी त्येला पाणी सुदिक पाजलं न्हाय." माझ्याकडं न बघता म्हणालास. मग इंदापूरची एसटी लागली होती तिच्यात जाऊन बसलास.

मी मोटारसायकलवरून मागून आलो. तुला माहीत नसेल. अंतर ठेवून आलो. वरकुट्यात शिरलो तेव्हा अंधार पडायला लागला होता. घराचं दार उघडं होतं. तू आत भिंतीवरचा आबांचा फोटो खाली काढून मांडीवर घेतला होतास आणि त्यांच्याशी बोलत होतास. काय बोलत होतास ते ऐकू आलं नाही, आणि मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. आई तुझ्या पाठीवरून हात फिरवत होती. तिला मी दिसलो. तिनं हातानंच खुणावलं, ये आत. महिनाभर तिनं मला साधं जेव म्हटलं नव्हतं, ती मला आत बोलावत होती.

मी उंबऱ्यापर्यंत आलो आणि चपला काढायला वाकलोही. मग परत पायात घातल्या. तुम्हा बापलेकांच्या मध्ये मी सहा वर्षं उभा होतो. त्या संध्याकाळी तरी बाहेर थांबावं असं वाटलं.

शंभूराज